टीव्हीवरची प्रश्नमंजुषा, पुस्तक की उजळणीची कार्डं: सामान्य ज्ञानासाठी काय निवडावं?

सामान्य ज्ञान वाढवण्यासाठी टीव्हीवरचे क्विझ शो बघावेत, की तोच तास पुस्तकाला किंवा एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेल्या कार्डांच्या उजळणीला द्यावा? हे ठरवताना बहुतेक जण जास्त माहिती कुठे मिळते एवढंच बघतात. पण कानावरून गेलेली माहिती आणि डोक्यात राहिलेली माहिती यांत फार अंतर असतं. म्हणून या आढाव्यात दोन निकष लावले आहेत. प्रश्न ऐकल्यापासून उत्तर समोर येईपर्यंत स्वतः आठवायला किती सेकंद मिळतात, हा पहिला. मिळालेलं उत्तर आधीपासून माहीत असलेल्या कशाला तरी जोडलं जातं का, हा दुसरा.

पहिल्या निकषामागे ठोस कारण आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र लिहून काढणारे पुढे गेले. म्हणजे उत्तर आठवण्याची खटपट ही नुसती परीक्षा नसते, शिकण्याचा मोठा भाग तीच असते. क्विझ शो बघताना ही खटपट होते की नाही, हे शोच्या साच्यावर आणि तुमच्या बसण्याच्या पद्धतीवर ठरतं.

चार पर्यायांचे शो

‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाला. त्याचा मूळ ब्रिटिश साचा सप्टेंबर १९९८ मधला: १५ प्रश्न, चढती काठिण्यपातळी, पाचव्या आणि दहाव्या प्रश्नानंतर सुरक्षित टप्पा आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. शिकणाऱ्यासाठी या रचनेत एक अडचण आहे. पहिले पाच प्रश्न बहुतेकांना येतात आणि शेवटच्या तीन-चारांपर्यंत फार थोडे स्पर्धक पोहोचतात. त्यामुळे कामाचे प्रश्न साधारण सहाव्यापासून बाराव्यापर्यंतचे. त्यात गप्पा, लाइफलाइन आणि जाहिराती आल्या की तासाभरात मूठभरच नवी माहिती हाती लागते.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे, कारण ती आपल्या लक्षात येत नाही. पर्याय दिसले की आपण उत्तर आठवत नाही, नुसतं ओळखतो. साधा हिशेब करा. वीस प्रश्नांपैकी आठ तुम्हाला खरोखर येतात आणि उरलेल्या बारांना अंदाजाने उत्तर दिलं. चारात एक या हिशेबाने त्यातले सरासरी तीन बरोबर येतील. तुम्हाला वाटेल अकरा आले, येत होते आठच. फिफ्टी-फिफ्टीनंतर तर अंदाज निम्म्या वेळा बरोबर निघतो. ‘मला सगळं येत होतं’ ही भावना बरीचशी इथूनच येते.

चुकीचे पर्यायही डोक्यात घर करतात. ऑस्ट्रेलियाची राजधानी विचारून सिडनी, मेलबर्न, कॅनबेरा, पर्थ असे पर्याय दिले आणि मनात सिडनी धरून तुम्ही पाणी प्यायला उठलात, तर महिन्याभराने सिडनीच जास्त ओळखीचं वाटण्याचा धोका असतो. यावर उपाय एकच: बरोबर उत्तर ऐकल्याशिवाय उठायचं नाही, आणि ते एकदा मोठ्याने म्हणायचं. गंमत म्हणजे पक्की खात्री असताना चुकलेलं उत्तर, लगेच दुरुस्त झालं तर, जास्त घट्ट बसतं. म्हणून मनातल्या मनात घुटमळण्यापेक्षा ठाम उत्तर देऊन चुकलेलं बरं.

तरीही हा साचा बाद करू नये. त्याच्या दोन गोष्टी दुसरीकडे सहज मिळत नाहीत. एक म्हणजे उत्तरानंतर सूत्रसंचालक देतो ती दोन-तीन वाक्यांची पार्श्वभूमी. नेमक्या याच वेळी घरातले लोक बोलायला लागतात. दुसरी म्हणजे सुरुवातीची ‘फास्टेस्ट फिंगर’ फेरी. तिच्यात बहुतेक वेळा चार गोष्टी क्रमाने लावायच्या असतात: काळानुसार, आकारानुसार, उत्तरेकडून दक्षिणेकडे. सुटं साल पाठ असण्यापेक्षा कशाआधी काय घडलं हे माहीत असणं कितीतरी टिकाऊ असतं. ही फेरी चुकवू नका.

बझरचे, पर्याय नसलेले शो

अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’च्या एका भागात सहा विषय, प्रत्येकी पाच सूत्रं (ज्यांवरून उत्तर ओळखायचं अशा खुणा), अशा दोन फेऱ्या आणि शेवटचं एक, मिळून ६१ सूत्रं असतात. पर्याय नसतात. सूत्र वाचून होईपर्यंत बझर बंद असतो, त्यामुळे घरी बसलेल्यालाही तेवढे सेकंद आयते मिळतात. एका विषयाची पाच सूत्रं सोप्याकडून अवघडाकडे जात असल्याने आपल्याला तो विषय कुठपर्यंत येतो याचं माप मिळतं. मर्यादा अशी की बरेच प्रश्न अमेरिकी इतिहास, तिथलं मनोरंजन आणि इंग्रजी शब्दखेळ यांवर असतात. तो भाग आपल्याला फारसा उपयोगी नाही.

शिकण्यासाठी सर्वांत चांगली रचना आमच्या मते ब्रिटनच्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ची, १९६२ पासूनची. दहा गुणांचा एक बझर प्रश्न, तो जिंकणाऱ्या संघाला एकाच विषयावरचे पाच-पाच गुणांचे तीन जोडप्रश्न. मध्येच बझर दाबून चुकलात तर पाच गुण जातात. बझर प्रश्नात अनेकदा अनोळखी खुणा आधी आणि ओळखीच्या नंतर येतात, त्यामुळे कोणत्या शब्दावर आपली ट्यूब पेटली हे कळतं. ती खूणच तुमच्या ज्ञानाची खरी सीमा. शिवाय तीन जोडप्रश्नांमुळे एका उत्तराला आपोआप तीन शेजारी मिळतात. अडचण वेगाची: प्रश्न अवघड असतात आणि नवख्याला पहिल्या भागात चार-पाचच उत्तरं येऊ शकतात. त्यामुळे धीर खचतो आणि लोक सोडून देतात. सुरुवातीला आठवड्याला एकच भाग, तोही थांबवत थांबवत बघावा.

ब्रिटनचंच १९७२ चं ‘मास्टरमाइंड’ बघण्यापेक्षा अनुकरणाला चांगलं. एक अरुंद विषय निवडून त्यावर दोन मिनिटं सलग प्रश्न झेलायची तयारी करणं हा उत्तम व्यायाम आहे. दुसऱ्याच्या खास विषयाचे प्रश्न बघून मात्र फार काही उरत नाही.

पुस्तक, नकाशा, तक्ता

आठवण्याच्या सेकंदांत पुस्तक मागे पडतं. उत्तर समोरच छापलेलं असतं. पण जोडणीत त्याला तोड नाही, कारण क्विझ शो स्वभावतःच अपवाद विचारतो, नियम नाही. टंग्स्टनची संज्ञा डब्ल्यू का, हा प्रश्न कधीतरी येईल. सोन्याची एयू, शिशाची पीबी, पाऱ्याची एचजी हे वेगवेगळ्या भागांत, महिन्यांच्या अंतराने येतील. आवर्तसारणी समोर ठेवली की दहा मिनिटांत दिसतं की ज्यांची संज्ञा इंग्रजी नावाशी जुळत नाही अशी मूलद्रव्यं एकूण अकरा आहेत: सोडियम, पोटॅशियम, लोखंड, तांबं, चांदी, कथील, अँटिमनी, टंग्स्टन, सोनं, पारा आणि शिसं. मग कळतं की टंग्स्टन वगळता बाकी दहांची मुळं लॅटिन नावांत आहेत आणि टंग्स्टनची वोल्फ्राम या जर्मन नावात. अकरा सुट्या गोष्टींची एकच गोष्ट झाली.

दुसरं उदाहरण शुक्राचं. ‘कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?’ उत्तर शुक्र, पुढचा प्रश्न. शुक्र स्वतःभोवती सुमारे २४३ पृथ्वी-दिवसांत फिरतो आणि सूर्याभोवती सुमारे २२५ दिवसांत, हे खरं. पण तो उलट दिशेने फिरत असल्यामुळे तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत साधारण ११७ दिवसच लागतात. म्हणजे ‘दिवस’ कशाला म्हणायचं यावर उत्तर बदलतं. तीस सेकंदांच्या प्रश्नात हे मावत नाही, पुस्तकाच्या अर्ध्या पानात मावतं.

कोणतं पुस्तक? अपरिचित विषयासाठी मुलांचं सचित्र पुस्तक घ्या, संकोच नको. २०१९ मध्ये ‘जेपर्डी’त सलग ३२ भाग जिंकणाऱ्या जेम्स होल्झहॉवर यांनी आपल्या तयारीत मुलांची पुस्तकं वापरल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांत चित्रं असतात, मोजकी तथ्यं असतात आणि विषयाचा सांगाडा स्पष्ट दिसतो. हजारो प्रश्नोत्तरांची जाडजूड पुस्तकं मात्र क्विझ शोचे सगळे दोष घेऊन येतात आणि हॉटसीटवरची उत्कंठा तेवढी देत नाहीत.

कार्डं

सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पेटीची पद्धत अजूनही पुरेशी आहे. पाच कप्पे: पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. मोबाइलवरचं ‘अँकी’ हे ॲप असंच अंतर स्वतः मोजतं.

कार्डं फसतात ती बहुधा तीन कारणांनी. एका कार्डावर पूर्ण यादी लिहिली जाते. ‘ती अकरा मूलद्रव्यं सांगा’ असं कार्ड प्रत्येक वेळी एखाद्या नावावर अडतं आणि कायम पहिल्या कप्प्यात राहतं. त्याची अकरा कार्डं करा. दुसरं, कार्ड एकाच दिशेने चालतं: डब्ल्यू म्हणजे टंग्स्टन येतं, टंग्स्टनची संज्ञा विचारली की घोटाळा होतो. मागची बाजू वर ठेवूनही विचारा. तिसरं, माहिती शिळी होते. कझाकस्तानची राजधानी अस्ताना मार्च २०१९ मध्ये नूर-सुलतान झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. या दोहोंमधल्या काळातला भाग पुनःप्रसारणात बघणाऱ्याला जुनंच उत्तर ‘बरोबर’ म्हणून मिळतं. एव्हरेस्टची उंचीही डिसेंबर २०२० पासून ८,८४८.८६ मीटर अशी सांगितली जाते. बदलू शकणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात साल टाका.

मग काय निवडायचं?

अभ्यासक्रम ठरलेल्या परीक्षेसाठी क्विझ शो मुख्य साधन करू नका. तिथे विषय पूर्ण व्हावा लागतो आणि शो काहीच पूर्ण करत नाही. पुस्तक आणि कार्डं यांना वेळ द्या. चुकीला गुण कापले जात असतील तर पर्याय झाकून उत्तर देण्याची सवय आणखी गरजेची.

बझर क्विझमध्ये उतरायचं असेल तर पर्याय नसलेले शो आणि कार्डं. नुसती आवड म्हणून शिकायचं असेल, किंवा घरातल्या मुलांना गोडी लावायची असेल, तर चार पर्यायांचा शो उत्तम सुरुवात आहे. त्यातल्या उत्कंठेमुळेच उत्तर जाणून घ्यावंसं वाटतं आणि ते लक्षात राहायला मदत होते. फक्त सगळे एकत्र बसल्यावर सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, पर्याय यायच्या आत उत्तर लिहायला लावा.

शो बघायचाच असेल तर असा बघा. प्रश्न कानांनी ऐका, पर्याय यायच्या आत नजर पडद्यावरून काढा आणि पाच सेकंदांत उत्तर बोलून टाका. थांबवता येत असेल तर थांबवा. वहीत तीन खुणा ठेवा: पर्यायांआधी आलं, पर्याय बघून आलं, चुकलं. पहिल्या खुणेचं काही करायचं नाही. उरलेल्यांतून दर भागामागे कार्डांसाठी जास्तीत जास्त पाच निवडा, जास्त घेतलीत तर उजळणीचा ढीग साचतो आणि पंधरवड्यात पेटी बंद पडते. प्रत्येकाचा एक शेजारी शोधा. कॅनबेरा चुकलं असेल तर सिडनी आणि मेलबर्न यांच्या चढाओढीतून ते मुद्दाम वसवलं गेलं, हे वाचा. मग मुद्दाम वसवलेल्या राजधान्यांच्या रांगेत १९६० ची ब्राझिलिया आणि १९९१ पासून राजधानी असलेलं अबुजा लागतात. या शोधाला दहा मिनिटं पुरतात, पण ती त्याच दिवशी द्यावी लागतात.

चार आठवड्यांनी पहिल्या आठवड्याची वीस कार्डं दुसऱ्या कुणाला तरी पर्यायांशिवाय विचारायला सांगा. चौदा-पंधरा आली तर चाललंय तसं चालू द्या. दहाच्या आत आली तर नवे भाग दोन आठवडे थांबवा आणि तो वेळ जुन्या कार्डांच्या शेजाऱ्यांना द्या.