घसरणाऱ्या सुपरचार्जर बेल्टसाठी जादा आयडलरचा संच: वापरानंतरचा अभिप्राय

बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा वाढीव दाब, आणखी वाढावा म्हणून मी सुपरचार्जरची (बेल्टवर फिरून ही हवा दाबणाऱ्या यंत्राची) ७५ मिलिमीटर व्यासाची पुली काढून ६८ मिलिमीटरची बसवली, तेव्हा ४,५०० आरपीएमला ०.७ बार दाखवणारा गेज ६,००० आरपीएमला ०.५५ बारवर उतरू लागला. माझा ब्लोअर (हाच सुपरचार्जर) ट्विन-स्क्रू प्रकारचा, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ठरावीक हवा ढकलणारा आहे. त्यामुळे वेग वाढत असताना बूस्ट असा गळायला नको होता. बायपास व्हॉल्व्ह, पाइपांचे जोड आणि एअर फिल्टर आधी तपासले. त्यांत काही सापडले नाही, म्हणून डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ऑप्टिकल टॅकोमीटरने ब्लोअरचा वेग मोजला. बेल्ट फिरवणारी इंजिनची क्रँक पुली १६० मिलिमीटरची असल्याने ६,००० आरपीएमला ब्लोअर सुमारे १४,१०० आरपीएमने फिरायला हवा होता. प्रत्यक्षात तो १२,९०० ने फिरत होता. वेगातली ही तूट साडेआठ टक्क्यांची आहे आणि वातावरणाचा दाब धरून एकूण दाबात झालेली घटही जवळपास तेवढीच भरते. बेल्ट घसरत होता, आणि तोही जराही न किंचाळता.

बहुतेक जण अशा वेळी बेल्ट आणखी ताणतात. मीही आधी तेच केले आणि ते चुकले, कारण बेल्टची पकड केवळ ताणावर नव्हे, तर तो पुलीला किती अंशांत कवटाळतो यावरही ठरते, आणि हा दुसरा परिणाम घातांकाने वाढतो. प्रभावी घर्षण गुणांक ०.५ धरला, तर घसरण्यापूर्वी घट्ट आणि सैल बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर १५० अंशांच्या वेढ्यात ३.७ पर्यंत जाऊ शकते, तर १८० अंशांत ते ४.८ होते. नुसता ताण वाढवून हा लाभ मिळवायचा म्हटले, तर त्याची झळ ब्लोअरच्या पुढच्या बेअरिंगला, पाण्याच्या पंपाला आणि अल्टरनेटरला सोसावी लागते. शिवाय बेल्टचा वेग क्रँक पुली ठरवते. ६,००० आरपीएमला तो सेकंदाला सुमारे ५० मीटर असतो. ब्लोअर ३५ किलोवॅट खात असेल, तर दोन्ही बाजूंच्या ताणांत ७०० न्यूटनांचा फरक पेलावा लागतो. पुली लहान केल्यावर बेल्टचा वेग तोच राहतो, पण ब्लोअर अधिक शक्ती मागतो आणि बेल्टला टेकायला जागा मात्र कमी उरते.

म्हणूनच मी ज्या संचाचा अभिप्राय देत आहे, त्यातला खरा ऐवज म्हणजे ब्लोअर पुलीच्या शेजारी बसणारा जादा आयडलर, म्हणजे नुसतीच मोकळी फिरणारी पुली. तो बेल्टला पाठीकडून आत दाबतो आणि वेढा माझ्या मोजणीनुसार १४८ अंशांवरून १८२ अंशांपर्यंत नेतो. सोबत बेल्ट ताणून धरणारा, अधिक कडक स्प्रिंगचा टेन्शनर आणि खरखरीत लेप दिलेली पुली येते. मी आधी केवळ आयडलर बसवला, लांबीत बसेल असा नवा बेल्ट घेतला आणि बाकी काहीही बदलले नाही. तेवढ्यानेच ६,००० आरपीएमला ०.६८ बार मिळाला. गिअर बदलताना सैल बाजू अजून फडफडत होती, ती टेन्शनरने थांबवली.

लेपाची पुली मात्र मी उतरवून ठेवली आहे. ती पकड देते यात शंका नाही, पण बेल्ट खरवडून काढते, आणि थोड्याच धावेत पुलीभोवती काळ्या भुकटीचा थर साचला. वेढा पुरेसा असेल तर तिची गरज नाही. दुसरी तक्रार आयडलरच्या ब्रॅकेटबद्दल आहे: त्याचे तोंड पुलीच्या रांगेपासून जवळजवळ २ मिलिमीटर बाहेर येत होते आणि पातळ वॉशर घालून ते मला जुळवावे लागले. संचासोबतच्या सूचनांमध्ये सरळपट्टी लावून रांग तपासण्याचा साधा उल्लेखही नाही, ही मोठी उणीव आहे. रांग चुकली तर बेल्ट एका कडेने झिजतो, आणि दोष संचाचा की बसवणाऱ्याचा हे कळत नाही.

हा संच घेण्यापूर्वी क्रँक डँपरच्या (क्रँकच्या टोकाच्या, दोन कड्यांमध्ये रबर असलेल्या कंपशोषकाच्या) आतल्या आणि बाहेरच्या कड्यांवर मिळून रंगाची एकच रेघ ओढा आणि गाडी जोरात चालवून पाहा. रेघ तुटलेली दिसली, तर डँपरमधले रबर सुटले आहे; बेल्ट निर्दोष आहे आणि आयडलरने काही साधणार नाही. बेल्टवर तेल किंवा कूलंट ठिबकते का, तेही पाहा. ईपीडीएम रबराचा बेल्ट जुन्या निओप्रीनसारखा सहज तडकत नाही, तो नुसता झिजतो. बेल्टच्या लांबीभर जाणारे दात झिजून पुलीतल्या खाचेच्या तळाला टेकले की ४० अंशांच्या खाचेतली पाचरीसारखी पकड नाहीशी होते, त्यामुळे दिसायला धड असलेला बेल्टही त्याच्या दातांमधल्या खाचेची खोली मोजणाऱ्या पट्टीने तपासल्याशिवाय चांगला समजू नये. माझ्या जुन्या बेल्टचे दात असेच झिजलेले निघाले, आणि वर सांगितलेल्या सुधारणेतला काही वाटा नव्या बेल्टचाही आहे.