लेझर कोर्सच्या नावाखाली माझे ५०,७०० रुपये गेले, गोव्यातल्या पार्लरवाल्यांनो सावध!

वॅक्सिंग, थ्रेडिंग मला येतंच, डिचोलीत घरी गिऱ्हाइकं पण आहेत, शिकायचं होतं ते फक्त लेझरने केस काढणं. म्हापशातल्या एका अकॅडमीची (नाव टाकत नाही, उलट माझ्यावरच केस घालतील) जाहिरात इन्स्टावर बघितली, डायोड लेझर, इलेक्ट्रोलिसिस (बारीक सुईने करंट देऊन केसाचं मूळ मारायचं), इंटरनॅशनल सर्टिफिकेट, आजच सीट बुक केली तर डिस्काउंट वगैरे, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ५,००० बुकिंग, ३०,००० फी, १२,५०० मशीन हँडलिंग आणि ३,२०० परीक्षेचे. पावती फक्त ५,००० ची, बाकी सगळं मॅडमच्या नवऱ्याच्या जीपेवर. संस्थेच्या खात्यात घेत नसतील तर एक रुपया देऊ नका.

इलेक्ट्रोलिसिसची सुई शेवटपर्यंत दिसली नाही. वॅक्स केसांच्या दिशेने लावा, पट्टी उलट ओढा, यातच वेळ काढला, अहो हे मीच दुसऱ्यांना शिकवते!

आणि मग तो दिवस, आठवला की अजून डोकं फिरतं. मॉडेल म्हणून एक काकी आल्या, हनुवटीवर पांढरे केस. मॅडम त्यावर मशीन फिरवत म्हणते, सहा सिटिंगमध्ये कायमचे जातील. लेझर पकडतो केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग देणारं द्रव्य, पांढऱ्या केसात ते नसतंच, मग पकडणार काय डोंबल? गॉगल ना काकींना ना आम्हाला. मशीनवर 'डायोड ८०८' असा स्टिकर, त्याचा कोपरा सुटलेला, मी नखाने जरा उचलला तर खाली छापलेलं आयपीएल. मॅडम लगेच, "हात लावू नको गो, गरम असतं." आयपीएल म्हणजे लेझर नव्हेच, फ्लॅशच्या दिव्याचा झोत तो. पण तोवर पैसे भरून झालेले, बाकीच्या सगळ्या गप्प, एकटीने उठून भांडायचं कसं? आणि मशीन ओळखायला शिकवायचेच तर पैसे घेतले होते ना त्यांनी!

सर्टिफिकेटवरचा क्यूआर स्कॅन केला तर त्यांच्याच वेबसाइटवरचा फोटो उघडतो. फी भरायच्या आधी जुन्या मुलींचं सर्टिफिकेट मागून स्कॅन करा.

पोलीस स्टेशनात हवालदार हसला, "केस काढायचा कोर्स? बाय, हे सिव्हिल मॅटर." साहेब बंदोबस्ताला, नंतर या. नंतर गेले तर साहेब रजेवर. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर तुम्ही क्लासला स्वतः जात होता, मग हे सायबर कसं? बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर आला, मग मेसेज, समोरून उत्तर नाही, तुम्ही ग्राहक आयोगात जा. म्हणजे सगळ्यांनी मिळून मला फक्त पुढचा दरवाजा दाखवला, आणि अकॅडमीला साधा एक फोनसुद्धा कोणी केला नाही!

आयोगात, भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही, तेव्हा मी जाणारच. त्या बॅचच्या किंवा आधीच्या मुलींकडे जीपेचे स्क्रीनशॉट असतील तर डिलीट करू नका, मला मेसेज करा, एकत्र तक्रार घालता येते. आणि घरच्यांना कळेल म्हणून घाबरू नका, माझ्या सासूबाईंनाही कळलंय आता.