बाळाच्या दुपट्यासाठी ‘प्युअर कॉटन’ म्हणून मला काय विकलं गेलं

दुपट्याचं वरचं कापड आपण हातात घेऊन, उजेडात नेऊन बघतो. फसवणूक होते ती आतल्या भरणात आणि खालच्या अस्तरात, आणि ती कळते सगळं शिवून झाल्यावर. घरी बाळाचं दुपटं शिवणाऱ्या प्रत्येकीने हे वाचावं, म्हणून लिहिते आहे.

नणंदेच्या बाळाच्या बारशाला झालरीचं दुपटं द्यायचं होतं. माप ३६ बाय ४५ इंच. वर फिकट पिवळं कॅम्ब्रिक, म्हणजे पातळ सुती कापड, आत कापसाची पातळ शीट, खाली सुती फ्लॅनेल. शहरातल्या एका मोठ्या ठोक दुकानात मी स्पष्ट सांगितलं, तान्ह्या बाळाचं आहे, शीट आणि फ्लॅनेल दोन्ही शंभर टक्के सुतीच हवेत. काउंटरवरच्या माणसाने शीटचा नमुना हातात दिला. तो खरा होता. किंचित पिवळसर, हाताला जरा जड, मध्ये सरकीच्या टरफलाचे बारीक तपकिरी ठिपके. “ताई, डोळे झाकून घ्या, एकदम प्युअर आहे.” माल मात्र आतल्या गोदामातून आला, घट्ट गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला. गुंडाळीचा बाहेरचा थर नमुन्यासारखाच होता. फ्लॅनेलचंही तसंच. दाखवलं एका ताग्यातलं, कापून आलं दुसऱ्यातलं.

झालर लावलेली असली की अशा फसवणुकीचं नुकसान कितीतरी वाढतं. झालरीला घेराच्या निदान दुप्पट पट्टी लागते. माझ्या मापाचा घेर १६२ इंच, म्हणजे ३२४ इंचांची पट्टी. ४४ इंच पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, आठ पट्ट्या काढायच्या, जोडायच्या, कडा दुमडायच्या, चुण्या घालायच्या. मग ती झालर वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये धरून चारही बाजूंनी टीप मारायची आणि दुपटं उलटवायचं. त्यानंतर अस्तर किंवा भरण बदलायचं म्हणजे सगळं उसवावं लागतं, आणि उसवलेल्या चुण्या पुन्हा तशा बसत नाहीत.

बाळाच्या अंगाला लागण्याआधी दुपटं साध्या पाण्यात धुतलं. पाणी करडं झालं. वाळल्यावर आतलं भरण कोपऱ्यांत गोळा झालेलं हाताला लागलं आणि मधल्या टाक्यांच्या भोकांतून पांढरे केसासारखे धागे वर आले. चिमटीत धरून ओढले तर सरसर बाहेर येत होते. तान्हं बाळ हातात येईल ते तोंडात घालतं. हे धागे त्याच्या घशात गेले असते, या विचाराने माझा जीव अजून घाबरा होतो.

एक बाजू उसवून पाहिली. बाहेरच्या थराच्या आत शुभ्र, चकचकीत पांढरं भरण, त्यात निळे-लाल धागे आणि शिवणीसकट चुरगळलेला बनियनच्या कापडाचा तुकडा. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून केलेला माल, कृत्रिम फायबर मिसळलेला. अस्तराचा धागा काढून पेटवला. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख बोटाने उडून जाते. हा धागा आकसत वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर. पाण्याचा थेंब टाकला तर तोही लगेच मुरला नाही. बाळाची शू, घाम, सांडलेलं दूध शोषून घ्यायला जे कापड आपण मुद्दाम सुती घेतो, तेच असं.

दुकानात गेले तर पहिलं वाक्य, “ताई, वापरलेला माल परत होत नाही.” दुसरं, “बिलावर कॉटन लिहिलंय का?” लिहिलं नव्हतं. बिलावर नुसतं ‘कापड’ आणि ‘शीट’ होतं, आणि ते तसं लिहिणं विसराळूपणा नव्हता, असं माझं ठाम मत आहे. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल, उसवलेल्या भरणाचे फोटो आणि जळलेल्या धाग्याचा फोटो जोडला. अस्तराचे पैसे परत आले. शीटचे नाही, ती आम्ही दिलेलीच नाही, असं दुकानाने कळवलं. झालरीचं कापड आणि मेहनत तर कोणाच्या हिशेबात येतच नाही.

तेव्हा खरेदीला जाताना एवढं कराच. नमुना नव्हे, जो तुकडा तुम्हाला बांधून देणार तोच उघडायला लावा आणि गुंडाळीच्या मधला थर पाहा. शीट मध्येच थोडी फाडून बघा. रंगीत धागे दिसले तर तिथूनच परत द्या. अस्तराचे उभे-आडवे दोन्ही धागे काढून दुकानाबाहेर जाळून पाहा, कारण मिश्र कापडात कधी एकच बाजू सुती असते. बिलावर ‘१०० टक्के कॉटन’ असं दोन्ही वस्तूंपुढे लिहून घ्या, दुकानाचा जीएसटी क्रमांक आहे ना ते बघा. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करू लागला, तर पैसे देऊ नका.

नवीन दुपट्यात मी आता सासूबाईंचं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं दुहेरी घडी करून भरलं आहे आणि अस्तरालाही त्याचाच पदर सोडून उरलेला भाग लावला आहे. तेही बाळ जागं असताना खाली अंथरायलाच. वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना दुपटं, उशी असं काही त्याच्या तोंडाजवळ असू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. उसवलेलं जुनं भरण आणि बिल मी पिशवीत जपून ठेवलंय, शीटच्या पैशांसाठी ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची आहे.