फक्त पॅनिकची सीबीटी घ्यावी की युनिफाइड प्रोटोकॉल?

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करायची, बोलून करायची थेरपी. प्रश्न एवढाच की एकेका आजाराची वेगळी सीबीटी घ्यायची, की बॉस्टन युनिव्हर्सिटीत डेव्हिड बार्लो आणि त्यांच्या टीमने बनवलेला युनिफाइड प्रोटोकॉल, ज्यात पॅनिक (अचानक येणारे भीतीचे झटके), चिंता, डिप्रेशन सगळ्याला मिळून एकच कोर्स. मी आधी पॅनिकची केली, मग हा.

पॅनिकपुरतं बोलायचं तर पहिलीला नावं ठेवायला जागा नाही. बारीक स्ट्रॉने श्वास घ्या, खुर्चीवर गरगर फिरा, मुद्दाम धडधड वाढवा आणि ती जाईपर्यंत काहीही न करता बसा, हे तिथेच शिकलो आणि परत लोकलने जायला लागलो. वैताग वेगळाच होता. अटॅक कमी झाले पण मीटिंगमध्ये बोलायच्या आधी पोटात गोळा यायचा तो तसाच, रात्रीच्या चिंता तशाच, आणि विषय काढला की उत्तर ठरलेलं, "ते नंतर बघू, आधी पॅनिक संपवू". मग लोकांसमोरच्या भीतीचा वेगळा तक्ता, मूडचा अजून वेगळा. आता मीटिंगमधली धडधड नक्की कुठल्या तक्त्यात लिहायची? शेवटपर्यंत कळलं नाही बुवा.

युनिफाइडमध्ये हा घोळच नाही. आधी काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं, मी काय केलं, त्याने पुढे काय झालं, सगळं एकाच कागदावर. आठवड्याभराचं लिहिलेलं वाचलं तर लोकलमध्ये दाराजवळच उभं राहणं, मीटिंगला कॅमेरा बंद, पाठवलेला मेल रात्री पुन्हा उघडून बघणं, तिन्हीकडे मी तेच करत होतो, तेवढ्यापुरतं बरं वाटावं म्हणून पळ काढत होतो. स्ट्रॉ आणि खुर्ची इथेही सुटत नाही हं.

२०१७ च्या जामा सायकियाट्री या जर्नलमधल्या २२३ जणांच्या ट्रायलमध्ये दोन्हींचा गुण जवळपास सारखाच आला, फक्त युनिफाइडवाले कोर्स अर्धवट सोडून कमी गेले. मला त्याचं नवल वाटलं नाही.

सुरुवातीचे सेशन भावना कशासाठी असतात वगैरेत जातात, घाई असेल तर कंटाळा येईल. आणि त्रास निव्वळ ओसीडीचा (तेच ते विचार, त्याच त्या कृती) असेल, ईआरपीत (भीतीला सामोरं जायचं पण ती ठरलेली कृती करायची नाही, अशी थेरपी) मुरलेला थेरपिस्ट हाताशी असेल, तर मी तिकडेच जा म्हणेन. पण दोन-तीन गोष्टी एकात एक गुंतल्या असतील तर पहिल्या फोनलाच विचारा, सगळं एकत्र घेता का. "एकेक करून बघू" म्हणाले तर, माझं मत विचाराल तर, अजून एक-दोन ठिकाणी चौकशी करा.