होडीच्या नावाखाली २९,२५० रुपये गेले, फोटो नीट बघत जा

सांगायला लाज वाटते, पण लिहितोच. नागपुरात बसून समुद्रातली होडी घेत होतो हे ऐकल्यावर पोलीस ठाण्यातले साहेब पण हसले, तुम्हीही हसून घ्या.

लेक सातवीत आहे. सुट्टीत मोबाइल सोडून हातानं काहीतरी करू म्हटलं तर तिनंच काढलं की मासेमारीची जुनी लाकडी होडी आणून दुरुस्त करू. वहीत सगळं उतरवलं पोरीनं, सडकी फळी कशी बदलायची, फटीत कापसाचा दोर कसा ठोकायचा, आणि आपल्याकडच्या उन्हात लाकूड आकसून फटी उघडतात म्हणून वर ओली पोती टाकायची. होडी ठेवायला सुताराकडून दोन घोडे बनवून घेतले, १,४०० रुपये, ते वेगळेच.

आता तुम्ही म्हणाल भंडाऱ्याला वैनगंगेवर मासेमार ढिवरांचे डोंगे होते ना. होते. बायको पण हेच म्हणत होती. पण मला कोकणातलीच पाहिजे होती, शौक.

जाहिरात रत्नागिरीची, १४ फुटी होडी, १८,००० रुपये. माणूस इतका गोड बोलायचा की काय सांगू, लेकीला फोनवर "बेटा, रंग कोणता मारणार" असं विचारायचा. टोकन २,५०० दिले. मग "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून उरलेले १५,५००. पैसे पाठवताना नाव भलतंच आलं, तर म्हणे वहिनीचा अकाउंट आहे. मग भाडं ६,४००, आंब्याची गाडी नागपूरला येऊन राहिली आहे त्यात टाकतो म्हणे. अरे, आंब्याची गाडी पेट्यांनी भरून येते, त्यात १४ फुटी होडी कुठं बसते! हे मला आज सुचतं. शेवटी नाक्यावर अडवली म्हणून "रिफंडेबल" परमिटचे ४,८५०. त्यानंतर फोन बंद.

पण खरं जिव्हारी लागतं ते वेगळंच. टोकन द्यायच्या आदल्या रात्री लेक फोटो मोठा करून बघत होती. होडीच्या कडेला पांढऱ्या रंगात नंबर होता, अर्धा खरवडलेला, सुरुवातीला आयएनडी-टीएन. ती म्हणाली, "पप्पा, टीएन म्हणजे तामिळनाडू ना, गाड्यांवर असतं तसं?" मासेमारीच्या होड्यांवर पण राज्याचं अक्षर असतं, आपल्याकडं एमएच पाहिजे. आणि मी काय केलं, त्या माणसालाच विचारलं! तो म्हणाला तिकडूनच विकत आणली होती दादा, आणि मी लेकीला म्हटलं, बघ, सांगितलं ना त्यांनी. बारा वर्षांच्या पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही असं नाही, मला बघायचंच नव्हतं. आणि खरं सांगतो, पोरगी इतकी खूश असताना कोणता बाप शंका काढत बसतो?

असं झालं तर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा. मी "उद्या येईल गाडी" म्हणत दोन दिवस घालवले, तोवर पैसे तिसऱ्याच खात्यात. बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. म्हणजे फसलो हाच माझा गुन्हा! ठाण्यात एक म्हणतो सायबरला जा, सायबरवाले म्हणतात घराजवळच्या ठाण्यात जा, तिथं म्हणे गुन्हा रत्नागिरीचा. काहून बे? १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कोणतीही असो तक्रार घ्यावीच लागते, हे मी त्यांना सांगायचं का? चार चकरा, दोन हाफ डे, तीनदा तेच झेरॉक्स, आणि पोर्टलवर अजून "प्रक्रियेत". एकानं तर सल्ला दिला, "पोरीला सायकल घेऊन द्यायची ना."

प्रत्येक पेमेंटचा १२ आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा, तक्रारीत तोच मागतात. चॅट रागानं उडवू नका, मी अर्धं उडवलं. आणि होडी असो की फ्रीज, व्हिडिओ कॉलवर त्याला वस्तूवर हात ठेवायला सांगा, नेटवर्क नाही म्हटला की फोन ठेवून द्या.

घोड्यांवर आता बायकोनं कुरड्या वाळत घातल्या आहेत. आणि परवा लेकीनंच दाखवलं, तोच फोटो परत जाहिरातीत, आता गाव मालवण, किंमत १६,०००. या वेळी नंबराची बाजू कापलेली आहे.