आइस हॉकी की मैदानी हॉकी? कोल्हापुरातल्या आईबापांसाठी

पोरगं रोलर स्केट्सवर भन्नाट पळतंय आणि मोबाईलवर एनएचएलचे, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, सामने बघून ‘आइस हॉकीच खेळणार’ म्हणून हटून बसलंय. घरचे म्हणतायत, हॉकीच खेळायची तर इथं ध्यानचंद स्टेडियम आहे की!

आधी बर्फाचं बघू. चाकांवर तयार झालेल्या पोराला बर्फावर पळणं लवकर जमतं, अडतं ते थांबताना. तिथं दोन्ही पाय झटक्यात आडवे घालायचे, की पात्यांची धार बर्फ खरवडते आणि गडी जागेवर उभा. चाकं अशी आडवी घसरत नाहीत, त्यामुळं ही सवय लागायला बर्फच पाहिजे. आपल्याकडं या खेळाचं घर लडाख. तिथं जानेवारी-फेब्रुवारीत तळी गोठतात तेव्हा खरा हंगाम. डेहराडूनचं बंदिस्त रिंक, म्हणजे छताखालचं बर्फाचं मैदान, 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं आणि मग वर्षानुवर्षं बंद पडलं. 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

एनएचएलचा पैसा डोळे दिपवतो, ते खरंय. पण संघ 32, आणि साखळीतच ऐंशीच्या वर सामने. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, बाकावर दम घ्यायचा, परत उतरायचं. अंगावर धडक मारणं नियमातच बसतं. दात जातात, डोक्याला मार बसतो. तिकडची पोरं शाळेत जायच्या आधीपासून बर्फावर असतात, अठराव्या वर्षी ड्राफ्टला, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीला, उभी राहतात, आणि त्यातलीही कितीतरी खालच्या लीगमध्ये बसचा प्रवास करत राहतात. भारतीय वंशाचे रॉबिन बावा आणि मॅनी मल्होत्रा एनएचएल खेळले, पण दोघंही कॅनडात वाढलेले. भारताच्या महिला संघानं 2025 च्या आशिया चषकात कांस्य आणलं, तेही मुख्यतः लडाख-स्पितीच्या मुलींच्या जोरावर. आपल्याकडं या खेळात पोट भरायचं तर लष्कर किंवा आयटीबीपीची (भारत-तिबेट सीमा पोलीस) नोकरी, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा रस्ता.

मैदानी हॉकीत एवढी चमक नाही. काठीची एकच सपाट बाजू वापरायची, वाकून वाकून कंबर बोलायला लागते. पंजाब-ओडिशाच्या पोरांशी गाठ असते. पण सराव रोज, तोही घरी जेवून-झोपून. टोकियो आणि पॅरिस, लागोपाठ दोन ऑलिंपिक कांस्यं आहेत, हॉकी इंडिया लीग परत सुरू झालीय, रेल्वे-पोलिसांचे संघ आहेत, आणि राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे.

माझं विचाराल तर बारा-तेरा वर्षांच्या पोराला मी टर्फवर, म्हणजे मैदानी हॉकीला, घालीन आणि स्केटिंग संध्याकाळी चालू ठेवीन. तरीही ऐकत नसेल, तर एका हिवाळ्यात लेहला न्या. उंची साडेतीन हजार मीटर, म्हणून पहिले दोन दिवस नुसता आराम. किट आधीच विकत घेऊन बसू नका, तिथं वापरायला मिळतंय का ते फोनवर विचारा. या वयात पाय वर्षभरात वाढतात आणि महागडे स्केट्स माळ्यावर जातात.