दमनकाला शिक्षा कोणी दिली? कथनाच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाविषयी

निरनिराळ्या संस्कृतींत आणि साहित्यांत कथा अर्थ कसा घडवते, या विषयावरचा दहा आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला दोन ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने, वाचायला एक कथा व तिच्यावरचा एक लेख, आणि अखेरीस तासाभराची गटचर्चा, अशी त्याची आखणी आहे. कथा कशी लिहावी हे शिकवणाऱ्या वर्गांची सध्या रेलचेल असली, तरी हा अभ्यासक्रम त्यांतला नाही; ऐकणाऱ्याच्या मनात कथेचे काय होते, याकडे त्याचे लक्ष आहे.

पहिले दोन आठवडे कोरडे गेले. लोककथांचे रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी शंभर रशियन अद्भुतकथा तपासून १९२८ मध्ये मांडलेली ३१ प्रकार्ये, म्हणजे अशा कथांत ठरावीक क्रमाने येणाऱ्या कृती, एकामागून एक पडद्यावर आली आणि पाढे म्हटल्यासारखी निघून गेली.

तिसऱ्या आठवड्यात पंचतंत्र आले आणि अभ्यासक्रमाला रंग चढला. संस्कृत पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रात दमनक हा कोल्हा सिंह आणि बैल यांच्या मैत्रीत कळ लावतो, सिंहाकडून बैल मारला जातो आणि दमनकाचे मात्र काहीच वाकडे होत नाही, उलट त्याचे प्रधानपद पक्के होते. हा ग्रंथ सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत गेला, तेथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा यांनी तो अरबीत नेला. त्या अरबी आवृत्तीत एक जादा प्रकरण आहे, ज्यात दमनकाचा, म्हणजे तिथल्या दिम्नाचा, रीतसर खटला चालतो आणि त्याला देहदंड होतो. प्राणी तेच, प्रसंग तोच. पण पहिल्या कथेतून राजपुत्राला दरबार कसा चालतो हे कळते, तर दुसरी कथा अपराध्याला शासन झाल्यावाचून मिटतच नाही. प्राध्यापिकांनी दोन्ही शेवट समोर ठेवले आणि स्वतः काहीही न सांगता व्याख्यान थांबवले. बोधकथा म्हणून पंचतंत्र लहानपणापासून वाचूनही, त्यातला कपटी मोकळाच सुटतो हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते, हे येथे कबूल केलेले बरे.

पाचव्या आठवड्यातील स्वाध्यायासाठी तर या अभ्यासक्रमाची शिफारस मी डोळे झाकून करीन. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची एक कथा इंग्लंडमधील वाचकांना पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती आणि त्यांच्या १९३२ च्या ग्रंथात तिचे काय होत गेले ते नोंदले आहे: भुते हळूहळू गळाली आणि अनोळखी वस्तूंच्या जागी ओळखीच्या आल्या. आमच्या गटातील सात जणांनी तोच प्रयोग एका अपरिचित लोककथेवर केला. मी चौथा होतो. माझे कथन नंतर मूळ कथेशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा मी पाच ठिकाणी ‘म्हणून’ हा शब्द घातल्याचे आढळले. मूळ कथेत तो एकदाही नव्हता. तेथे घटना नुसत्या एकामागून एक घडत होत्या, कारणे मी माझ्या पदरची जोडली होती.

याला जोडूनच मानववंशशास्त्रज्ञ लॉरा बोहानन यांचा १९६६ चा लेख वाचायला होता. पश्चिम आफ्रिकेतील तीव समाजाच्या वडीलधाऱ्यांना त्या शेक्सपिअरच्या हॅम्लेटची कथा सांगू लागतात, तेव्हा ज्या लग्नाने हॅम्लेट व्यथित होतो, ते भावाच्या विधवेशी दिराने लगेच लग्न केले हे योग्यच झाले, असे ते ऐकणारे म्हणतात आणि शोकांतिकेचा पायाच निखळतो. यावरची चर्चा ठरलेला तास ओलांडून बरीच लांबली.

एवढे सगळे शिकवून झाल्यावर सातव्या आठवड्यात जोसेफ कॅम्बेल यांनी १९४९ मध्ये मांडलेला वीरप्रवासाचा साचा (नायक घर सोडतो, संकटांतून जातो आणि बदलून परततो) आणून जगातील साऱ्या कथा त्यात बसवून दाखवाव्यात, हे मला अनाकलनीय वाटले. कथासरित्सागरासारखा ग्रंथ, जिथे एका कथेच्या पोटातून दुसरी निघते आणि सांगणारा कोण हेच मधूनमधून विसरायला होते, तो या साच्यात मावत नाही. त्या ग्रंथाचा उल्लेख दोन वाक्यांत आटोपला.

मूल्यमापनाने तर कहर केला. आठव्या आठवड्याच्या चाचणीत एका लोककथेखाली ‘या कथेचा अर्थ काय?’ असा प्रश्न आणि चार पर्याय होते. माझे उत्तर चुकले. शिवाय सर्व कथा इंग्रजी अनुवादातून वाचायच्या होत्या, त्याला इलाज नाही. पण एकाही पाठावर अनुवादकाचे नाव नव्हते. शब्दाशब्दाने अर्थ पालटतो असे दहा आठवडे सांगणाऱ्यांकडून ही हयगय खटकते.

अखेरच्या अभिप्रायात मी या दोन्ही गोष्टी लिहिल्या. चार दिवसांनी सौजन्यपूर्ण उत्तर आले: पुढील सत्रापासून अनुवादकांची नावे दिली जातील. चाचणीविषयी त्यात एक शब्दही नव्हता.